टंचाई आणि महागाईसाठी घरात किती धान्य भरून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात फ्लॅटमध्ये राहता, घरात पाच माणसं, पगार एकच. भाव चढतायत, पुढं माल मिळणारच नाही असंही कानावर येतंय, तर वर्षाचं सगळं आत्ताच भरावं का?

सगळं भरू नका. टंचाई आणि महागाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची तयारी वेगळी. आपल्याकडं खरी टंचाई येते ती पुरानं, आणि ती आठ-दहा दिवसांची असते. महागाई मात्र वर्षभर पुरते.

आधी पुराचं सांगते, कारण त्याचा हिशेब लोक चुकवतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि दूध, भाजी, पेट्रोल, सिलिंडर सगळ्याचीच ओढाताण सुरू झाली. त्यात पिण्याचं पाणीही मिळेना. उपसा केंद्रंच पुराखाली गेल्यावर नळाला येणार काय? जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. म्हणून जूनच्या आत झाकणाचे कॅन घ्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 3 लिटर धरलं तर पाच जणांना आठवड्याला शंभर-एक लिटर लागतं. पाऊस लागला की कॅन भरून ठेवायचे, पाणी अधूनमधून बदलायचं.

दुसरं म्हणजे गिरणी. वीज गेली की गिरणी बंद, मग घरात पोतंभर शाळू असून भाकरी होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दळलेलं पीठ आठवड्याचं तरी हाताशी हवं. ज्वारीचं पीठ लवकर जुनं होतं, मग भाकरी थापताना चिरते, म्हणून जास्त दळू नका; त्याऐवजी तांदूळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, फुटाणे, दूध पावडर ठेवा. दुसरा सिलिंडर भरलेला असू द्या. थोडी रोख रक्कमही ठेवा, कारण वीज आणि नेटवर्क गेलं की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. सुतारवाडा, दुधाळी अशा पूररेषेतल्या भागात राहत असाल तर तळमजल्यावर काहीच साठवू नका.

आता महागाई. इथं आपल्या घरातली बेगमीची पद्धतच कामाची आहे, फक्त कुठली वस्तू कधी घ्यायची ते कळलं पाहिजे. गहू आणि शाळू मार्च ते मेमध्ये, नवा माल आल्यावर घ्या. तूर त्याच्या आधी निघते, त्यामुळं डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा. लक्ष्मीपुरीच्या बाजारात धान्य घेताना दाणा दाताखाली धरा. कट्‌कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओलसर. ओलसर माल कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या, पावसाळ्यात त्याला किडा लागणारच. घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम धान्य भरलं की डब्याच्या आत घाम येतो. डाळीला एरंडेलाचा हात, धान्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला, एवढं पुरतं. धान्यातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात आणूच नका. ओलाव्यानं त्यातून विषारी वायू सुटतो आणि झोपेत माणसं दगावलेली आहेत.

फ्लॅटमध्ये वर्षाचं ठेवायला जागा नसते, मी तर सहा महिन्यांचंच सुचवेन. तुम्हाला महिन्याला पंधरा किलो गहू-ज्वारी लागत असेल तर नव्वद किलो झाले. नक्की किती लागतं ते कॅलेंडरवर लिहून काढा: पीठ कधी दळलं, तेलाची पिशवी कधी फोडली. दोन महिने लिहिलं की तुमच्या घराचा आकडा मिळतो.

कांदा उन्हाळी घ्या, तो टिकतो. पावसाळी कांद्यात पाणी जास्त. हवेशीर जाळीत पसरून ठेवा आणि सडका रोज वेचा. साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, साठवणीतला कांदा संपत येतो आणि नवा अजून आलेला नसतो, तेव्हा भाव चढतो. तेवढे महिने निघाले की झालं. चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, तर एप्रिल-मेमध्ये डंकावरून कुटून आणाच, ब्याडगी मिरची रंगाला आणि लवंगी तिखटाला घालून. डब्यात चटणी आणि भिजवायला मटकी असली की भाजीवाचून अडत नाही. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा अशाच घरांचं निभावलं.

तेलाचं वेगळं आहे. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. त्यामुळं एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियानं पाम तेल रोखलं किंवा सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या सरकारनं आयात शुल्क वाढवलं की लगेच फोडणी महागते. दोन महिन्यांचं तेल ठेवा. त्याहून जास्त नको, फार दिवस राहिलं की खवट होतं.

अफवेवर खरेदी करू नका. नोव्हेंबर 2016 मध्ये मीठ संपणार म्हणून उत्तरेत लोक दुकानांवर तुटून पडले होते, आणि मीठ तर भरपूर होतं. अशा गर्दीत हातावर पोट असणाऱ्याला सगळ्यात महाग पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रेशन कार्ड असेल तर घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते दुकानात विचारून घ्या. प्राधान्य गटाला माणशी महिना 5 किलो धान्य मोफत आहे, पाच जणांचं 25 किलो झालं. ते मिळत असेल तर त्यात गहू-ज्वारी किती येते ते बघा, महिन्याच्या पंधरा किलोंतून तेवढं वजा करा आणि उरलेल्याचे सहा महिने धरूनच बाजारात जा. एका पगारात सगळं बसणार नाही. या महिन्यात धान्य आणि कॅन घ्या, चटणी आणि तेल पुढच्या पगारावर.