हप्ते सात वर्षांचे, पगार चार वर्षांचा

पत्र : मी सैन्यात हवालदार आहे. वीस वर्षं सेवा झाली, चार वर्षांनी निवृत्त होईन. पोस्टिंग जम्मूकडे, पत्नी आणि दोन मुलं पुण्यात, धानोरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बेसिक ४१,६००, हातात ६८ हजार येतात. ऑन-रोड दहा लाखांची पेट्रोल गाडी बघितली आहे. बँक आठ लाख द्यायला तयार आहे, ९ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. वरच्या दोन लाखांसाठी पॉलिसी मोडायचा विचार आहे. वर्षाला एक लाख हप्ता, तीन हप्ते भरलेत, म्हणजे तीन लाख तरी यावेत. पॉलिसी वीस वर्षांची, विमा १८ लाखांचा, शेवटी ३५ लाख मिळतील असं एजंटने सांगितलंय. तिचा हप्ता जमावा म्हणून तेव्हा फंडाची कपात बारा हजारांवरून तीन हजार केली होती. बचत खात्यात दीड लाख आहेत, ते तसेच ठेवायचेत. पत्नी गाडी शिकते आहे. आठवा वेतन आयोग लागला की हप्ता जाणवणार नाही, असं सगळे म्हणतात. कर्ज पाच वर्षांचं घेऊ की सात? आणि गाडी लष्कराच्या कँटीनमधून की शोरूममधून?

उत्तर : पाचही नको, सातही नको. चार वर्षांचं घ्या, आणि तेही आठ लाखांचं नाही. पण गाडीकडे नंतर येऊ. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य गाडीचं नाहीच. ते फंडाची कपात तीन हजारांवर आणल्याचं आहे.

तुमच्या प्रॉव्हिडंट फंडावर ७.१ टक्के व्याज मिळतं, तेही करमुक्त. महिन्याला नऊ हजार तिथून काढून तुम्ही एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीत घातले. वीस वर्षं दरसाल एक लाख भरून ३५ लाख, याचा वार्षिक परतावा जेमतेम ५ टक्के पडतो, आणि त्यातलाही बोनस हमीचा नाही. काहीही न करता ते नऊ हजार फंडातच राहू दिले असते, तर तीन वर्षांत त्यांचे ३ लाख ६० हजार झाले असते. पॉलिसी आज मोडलीत तर काय मिळेल? तीन हप्ते झालेल्या त्या काळातल्या पॉलिसीवर हमीची सरेंडर किंमत भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार. कंपनीची विशेष सरेंडर किंमत थोडी जास्त निघू शकते, पण तीन लाख विसरा.

विम्यासाठी घेतली म्हणाल, तर तेही पटत नाही. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे पैसे तुमच्या पगारातून दरमहा कापले जातात आणि त्यावर ५० लाखांचं संरक्षण आहे. त्यावर १८ लाखांची ही पॉलिसी विकणाऱ्याने निवृत्तीनंतरचा विचार केला असता, तर टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा सुचवला असता. त्यात कमिशन फारसं नसतं, हे खरं.

आता निवृत्तीचा महिना बघा. चार वेतनवाढी धरून बेसिक ४६,८०० होईल, त्यात मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, एकूण ५२ हजार. पेन्शन त्याच्या निम्मी, २६ हजार. फौजेत निम्मी पेन्शन विकता येते, म्हणजे तिच्याऐवजी एकरकमी पैसे घेता येतात, आणि बहुतेक जण विकतात, तुम्हीही विकाल असं धरतो. उरले १३ हजार. महागाई भत्ता मात्र पूर्ण २६ हजारांवर मिळतो. जुलै २०२५ च्या ५८ टक्के दराने १५ हजार. हातात २८ हजार. आता यातून काय जाणार? आठ लाखांच्या सात वर्षांच्या कर्जाचा हप्ता १२,९००, पॉलिसीचे महिन्याकाठी साडेआठ हजार. उरले साडेसहा हजार. धानोरीच्या फ्लॅटचं भाडं यात कुठे बसतं ते सांगा.

कर्जाची तीन वर्षं पगार थांबल्यावरची आहेत. पॉलिसीची तर तेरा. निवृत्तीच्या पैशातून कर्ज फेडू म्हणाल, तर त्या दिवशी चार लाख बाकी असतील. विकलेल्या पेन्शनचे साधारण १४ लाख येतील (१३ हजार गुणिले १२ गुणिले ९), पण ते पंधरा वर्षांच्या निम्म्या पेन्शनची किंमत आहेत. त्यातले चार लाख चार वर्षं वापरलेल्या गाडीत घालायचे? दुसरी नोकरी लागेलच आणि आठवा आयोग येईलच, हे हिशेबात धरू नका. आले तर पेढे वाटा.

पॉलिसी मोडू नका, पेड-अप करा. पुढचे हप्ते थांबतात, विमा भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होतो : १८ लाखांचे तीन विसांश, म्हणजे २ लाख ७० हजार. शिवाय तीन वर्षांचा जमलेला बोनस. हे पैसे मुदत संपल्यावर येतात. सतरा वर्षं थांबावं लागेल, पण आजच्या लाख-सव्वा लाखापेक्षा हा सौदा बरा आहे. शाखेत जाऊन सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत, दोन्ही आकडे लेखी मागा. ‘आणखी दोन वर्षं भरा, मग बघू’ असं उत्तर मिळालं, तर ते तुमच्या फायद्याचं नाही एवढं ओळखा.

उरलेले सतरा हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये गेले, तर आजच्या दराने त्यांचे ३३ लाख होतात. पॉलिसीतून त्याच हप्त्यांचे वाढीव ३० लाखांच्या आसपास. फरक डोळे फिरवणारा नाही. पण पीपीएफमध्ये पेन्शनवर आल्यावर वर्षाला ५०० रुपये भरूनही खातं चालू राहतं. पॉलिसीला ही सवलत नाही. पीपीएफ निवृत्तीनंतर, तोवर युनिटच्या ऑफिसात अर्ज देऊन फंडाची कपात परत बारा हजार करा. नऊ हजारांच्या जादा कपातीचे चार वर्षांत जवळपास ५ लाख होतील. आणि सेवेत असतानाच ५० लाखांचा टर्म विमा साठाव्या वर्षापर्यंतचा घ्या. अर्जात पोस्टिंगचं खरं ठिकाण लिहा. ग्रुप इन्शुरन्सचं ५० लाखांचं संरक्षण वर्दीबरोबर संपतं.

आता गाडी. तुम्ही वर्षातून जास्तीत जास्त तीन महिने सुट्टीवर घरी असता. बाकीचे नऊ महिने ती चालवणार कोण? पत्नीचं लर्निंग लायसन्स आधी काढा, तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. सहा महिने थांबा आणि त्या काळात दर महिन्याला १३,७०० वेगळे टाका. जमलं तर हप्ता जमणार. सहा महिन्यांत ८२ हजार जमतात. त्यात बचत खात्यातले सव्वा लाख घाला, वरचे दोन लाख झाले.

१३,७०० का, तर साडेपाच लाखांच्या चार वर्षांच्या कर्जाचा ९ टक्क्यांनी तोच हप्ता आहे. आठ लाख-सात वर्षं या हप्त्यापेक्षा फक्त आठशे रुपये जास्त. व्याज मात्र २ लाख ८१ हजारांऐवजी १ लाख ७ हजार. सहा महिने थांबल्यामुळे शेवटचे सहा हप्ते निवृत्तीनंतर येतील. ते ८२ हजार रोख फेडता येतील. फक्त दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता घ्या, त्यावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही. फिक्स्ड असेल तर दंडाची ओळ आधी वाचा. गाडी अर्थात ऑन-रोड साडेसात लाखांच्या आतली.

ती कँटीनमधून घ्या, पण हिशेब करून. सीएसडीच्या, म्हणजे लष्करी कँटीन खात्याच्या गाडीवर निम्मा जीएसटी लागतो. छोट्या पेट्रोल गाडीवर तो १८ टक्के आहे, म्हणजे एक्स-शोरूम साडेसहा लाखांवर जवळपास ५० हजार वाचतात. शोरूमचे एक्सचेंज बोनस, सणाची सूट कँटीनच्या गाडीला सहसा मिळत नाहीत. ही सूट मोठी असेल तर फरक पुसला जातो. दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा. सीएसडीच्या किमतीत रोड टॅक्स आणि विमा नसतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला टॅक्स ११ टक्के. गाडी पुण्यातच राहणार आहे, पुण्याचा एमएच-१२ नंबर घ्या; देशभर चालणारा बीएच नंबर तुम्हाला मिळू शकतो, पण तो पोस्टिंगबरोबर फिरणाऱ्या गाडीसाठी.

गोंधळ होतो तो पैशांच्या वाटेवर. कँटीनच्या गाडीचे पैसे सीएसडीच्या खात्यात जातात, डीलरच्या नाही. बँका सवयीने डीलरच्या नावाने रक्कम काढतात आणि मग तुमची अर्धी सुट्टी ती फिरवण्यात जाते. कर्जमंजुरीच्या पत्रातच सीएसडीचं नाव लिहून घ्या. डिफेन्स सॅलरी पॅकेज असलेल्या बँकेत प्रोसेसिंग फी माफ आहे का ते विचारा. कर्जाला जोडलेला एकरकमी विमा ‘घ्यावाच लागतो’ म्हणतील. लागत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घ्या, आणि डीलरचा आकडा बाहेरच्या एका कोटेशनशी ताडून मगच सही करा.