लाट सगळे उचलतात, होड्या मागेच राहतात

प्रश्न : ह्या वर्षी घरच्या गणपतीला माझ्या मुलीने पुठ्ठ्याची ती फेमस जपानी निळी लाट बनवली आणि तिच्यापुढे बाप्पा बसवले. सगळ्यांना आवडलं, पण माझे दीर म्हणाले की ही तर सरळ कॉपी, आणि त्सुनामीचं चित्र गणपतीमागे कशाला? मुलगी हिरमुसली. दिरांचं बरोबर आहे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे ती त्सुनामी नाही. होकुसाई ह्या जपानी चित्रकाराने १८३१च्या आसपास, सत्तरी गाठल्यावर, फुजी पर्वताच्या चित्रांची मालिका केली त्यातलं हे चित्र, आणि नावातच आहे की ही कानागावाजवळच्या समुद्रातली लाट. खवळलेल्या दर्याची लाट, आपल्याकडे पावसाळ्यात दिसते तीच जात. लाटेच्या खाली मागे बघा, छोटासा फुजी आहे, पुष्कळांना तीही लाटच वाटते.

आता कॉपीचं. हे चित्र मुळात लाकडी ठोकळ्यांवर कोरून कागदावर छापलेलं, म्हणजे एकच एक अस्सल प्रत असं काही नाहीच, तेव्हाच हजारोंनी छापलं गेलं आणि सामान्य माणसांनी विकत घेतलं. होकुसाई १८४९ मधे गेला, त्यामुळे कॉपीराइटचाही प्रश्न नाही. देब्युसी ह्या फ्रेंच संगीतकाराने समुद्रावर संगीत रचलं त्याच्या १९०५च्या छापील प्रतीवर हीच लाट होती, आणि २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर पण आहे. तुमची मुलगी चांगल्या रांगेत उभी आहे, सांगा तिला.

पण मला एक खटकतं ते लिहितोच. टीशर्ट, मोबाईल कव्हर, कॅफेची भिंत, लाटेवर सर्फिंग करणारी मांजरं, सगळीकडे लाट घेतात आणि होड्या सोडून देतात. मूळ चित्रात तीन होड्या आहेत, लांबट, निमुळत्या, वल्ह्याच्या, ताजी मासळी झटपट एदोच्या म्हणजे आजच्या टोकियोच्या बाजारात पोचवणाऱ्या, आणि त्यातली माणसं वल्ह्यावर ओणवी होऊन एकमेकांना चिकटून बसलीयत. कुणी उभं नाही, कुणी लाटेकडे बघत पण नाही. मालवणच्या माणसाला हे चित्र त्या खलाशांमुळे कळतं, समुद्रात जाणाऱ्या घरातल्याला तर जास्तच. होड्या काढल्या की उरते ती नुसती निळी नक्षी. पुढच्या वर्षी तिला म्हणावं होड्या घाल, आणि आपल्या बंदरातल्या होड्या घातल्यास तर फारच छान, मग ती लाट तुमच्या घरची होईल.

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या जाहिरातीसाठी फोटोग्राफरने आईबाबांना घरापुढे उभं केलं, बाबांच्या हातात दाताळं, चेहरे गंभीर. म्हणाला हा जगप्रसिद्ध नवराबायकोचा फोटो आहे. कुठला हा?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : फोटो नाही हो, ग्रँट वूड ह्या अमेरिकन चित्रकाराचं ‘अमेरिकन गॉथिक’ नावाचं १९३०चं तैलचित्र आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधे. आणि नवराबायको पण नाहीत! बाईसाठी चित्रकाराची बहीण बसली होती, पुरुषासाठी त्याचा डेंटिस्ट, दोघं वेगवेगळे बसले, घरापुढे एकत्र कधी उभेच राहिले नाहीत. घर मात्र खरं आहे, अमेरिकेत आयोवातल्या एल्डन गावी, टोकदार कमानीची खिडकी दिसते ते. लोक तिथे जाऊन तशीच पोज देऊन फोटो काढतात.

ह्याची नक्कल इतकी होते कारण साचा सोपा आहे, दोन माणसं, एक अवजार, मागे घर, काहीही बदला तरी ओळखू येतं. पण सगळ्यात जबरदस्त नक्कल फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सची, १९४२ची, वॉशिंग्टनमधल्या सरकारी ऑफिसात साफसफाई करणारी एला वॉटसन झाडू आणि मॉप घेऊन अमेरिकेच्या झेंड्यापुढे एकटी उभी आहे. काळ्या माणसाला त्या देशात काय वागणूक मिळते हे एका फोटोत कळतं. जमलं तर आईबाबांना पण दाखवा तो.

तुमच्या जाहिरातीत दाताळ्याऐवजी आंबे उतरवायची घळ द्या बाबांच्या हातात, आणि आईंना हसायचं असेल तर हसू द्या.