पेरूची काडी पालवते, पण मूळ का धरत नाही?

पेरूच्या काड्या कुंडीत खोचल्या, १५ दिवसांत पालवी आली आणि महिन्याभरात सगळ्या वाळल्या, असं तुम्ही लिहिलंय. पेरूत हे नेहमीच होतं. पालवी फुटते ती काडीत साठलेल्या अन्नावर. खाली मुळी नसते, नव्या पानांतून पाणी उडत राहतं आणि साठा संपला की काडी माना टाकते. म्हणून पालवी दिसली की खूश होऊ नका.

तुती किंवा शेवग्याची जून काडी नुसती खोचली तरी लागते. पेरूचं जून लाकूड क्वचितच मुळ्या धरतं, त्यामुळे निवड महत्त्वाची. पेरूचा कोवळा शेंडा चौकोनी असतो, पुढे तो गोल होत जातो. जिथे कोपरे बोथट व्हायला लागलेत पण साल अजून हिरवी आहे, तो भाग घ्या. फुलं-कळ्या असलेली फांदी नको. सकाळी १२ ते १५ सेंमीची काडी कापा, खालचा काप डोळ्याच्या जरा खाली. वरची दोनच पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. सगळी पानं काढू नका, मुळ्या फुटायला लागणारं अन्न तिथूनच येतं.

माध्यमात शेणखत, गांडूळखत काही नको. उघड्या जखमेला बुरशी तिथूनच लागते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (पांढरे हलके खनिज दाणे) समसमान, किंवा धुतलेली जाड वाळू. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब गळेल इतकंच ओलं. काडीचं खालचं टोक आयबीए (मुळ्या फुटायला मदत करणारं संप्रेरक) असलेल्या रूटिंग पावडरीत (सुमारे ३००० पीपीएम, म्हणजे ०.३ टक्के) बुडवून जास्तीची पावडर झटका. आधी काटकीने भोक पाडा, नाहीतर खोचताना पावडर पुसली जाते. मध किंवा कोरफड लावून हे काम होत नाही, कितीही व्हिडिओ आले तरी.

आता खरी गोम हवेतल्या दमटपणाची. कुंडीवर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली बाटली घाला, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही. पिशवी उन्हात ठेवली तर काड्या अक्षरशः उकडतात. बूड काळं, मऊ पडलं तर पाणी जास्त झालंय. ती काडी लगेच काढून टाका. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी हलकं ओढून पाहा, अडकल्यासारखं वाटलं तर मुळ्या आहेत. मग ८-१० दिवसांत पिशवी थोडी थोडी उघडत न्या. एकदम काढली तर इथेही रोप जातं.

इतकं करूनही १० पैकी बऱ्याच काड्या जातील, हे धरून चाला. झाड हाताशी असेल तर मी गुटी कलमच सुचवेन, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या आणायच्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर अडीच-तीन सेंमी रुंद सालीचं कडं काढा आणि आतला बुळबुळीत थर खरवडून टाका. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळ्या येत नाहीत. वरच्या कडेला पावडर लावा, भिजवून पिळलेलं मॉस (रोपवाटिकेत मिळणारं सुकं शेवाळ) गुंडाळा, प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट बांधा. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळ्या प्लास्टिकमधून दिसतात. त्या पांढऱ्याच्या तपकिरी झाल्या की खालून कापून सावलीत कुंडीत लावा, आणि निम्मी पानं छाटा.