सगळं नवीन घातलं तरी एमजीबी स्टार्ट होईना

प्रश्न: काका नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. दोन वर्षांपूर्वी हौसेने १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली. डिसेंबरमध्ये शेवटची फिरवली तेव्हा एकदम मस्त चालत होती. मार्चमध्ये म्हटलं सीझनच्या आधी सर्व्हिस करून टाकू, म्हणून एका दुपारी व्हिडिओ बघत बघत प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि कॉइल असं ठिणगीच्या बाजूचं सगळं नवीन घातलं आणि त्या दिवसापासून गाडी बंद. सेल्फ जोरात फिरतो पण एंजिन पकडतच नाही. चोक ओढून, अ‍ॅक्सिलरेटर दहा दहा वेळा दाबून झालं. चावी फिरवली की मागून टकटक आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो, ते बरोबर आहे का? आता कार्बोरेटर खोलायचा विचार आहे. बायको म्हणते विकून टाक.
– अ. द., रेडिंग

उत्तर: अरे बाबा, कार्बोरेटरला हात लावू नकोस आधी. तुझ्या पत्रातच उत्तर आहे, डिसेंबरमध्ये चालत होती आणि सर्व्हिसनंतर बंद पडली, म्हणजे बिघाड गाडीने केलेला नाही, तो तू त्या दुपारी घरी आणलास. राग मानू नकोस, मीही हे केलंय आणि एकदा नाही. माझा पहिला प्रश्न, जुने पार्ट फेकले तर नाहीस ना? असले तर सांभाळून ठेव.

मी एमजीबी कधी चालवलेली नाही पण तिचं एंजिन ओळखीचं आहे. आपल्या अँबेसिडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल एंजिन होतं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, आणि तुझं १७९८ सीसीचं त्याच घरातलं, थोरला भाऊ म्हण. सोलापुरात मामाच्या अँबेसिडरवर पाना धरायला शिकलो त्यामुळे हे डिस्ट्रिब्युटर वगैरे डोळे मिटून आठवतं.

आता टकटक. ती बरोबर आहे, उलट चांगली बातमी आहे. तो मागच्या उजव्या चाकाजवळ गाडीखाली बसवलेला एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. चावी दिली की भराभर वाजतो, कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की मंद होऊन थांबतो. थांबलाच नाही तर टाकी रिकामी, कुठेतरी हवा ओढतोय किंवा पेट्रोल वाहून जातंय. अजिबात वाजला नाही तर त्याचे आतले पॉइंट चिकटलेले असतात, तेव्हा पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केली की जागा होतो (गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नकोस, स्टँड लाव). तुझा वाजून थांबतोय, म्हणजे पेट्रोल पुढे पोचतंय असं धरून चालू.

आणि ते अ‍ॅक्सिलरेटर दहा वेळा दाबणं सोड. एसयू कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंपच नसतो, सेल्फ मारायच्या आधी कितीही पाय आपटलास तरी पेट्रोलचा थेंबही जास्त जात नाही, नुसता व्यायाम. थंड एंजिनला चोक पूर्ण ओढायचा, पाय लांब ठेवायचा आणि सेल्फ मारायचा.

मग एक प्लग काढून बघ. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर प्लग ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही. कोरडा ठणठणीत असेल तर मी चुकलो, मग पेट्रोलच्या बाजूला जाऊ. पण माझं मन सांगतंय ओला निघणार.

ओला निघाला तर आता ठिणगीच्या मागे लाग, पण क्रमाने. एक स्वस्त टेस्ट लॅम्प घे, एक टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून डिस्ट्रिब्युटरला पांढरी-काळी तार जाते, दुसरं टोक एंजिनच्या धातूला. चावी ऑन करून कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. दिवा लुकलुकला तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडतोड करणारा स्विच) उघडबंद होतायत. सारखा पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीयेत किंवा त्यांना अर्थिंग मिळत नाहीये. पेटलाच नाही तर आधी कॉइलच्या पांढऱ्या तारेवर करंट येतोय का ते बघ, तो येत असेल तर पॉइंटकडेच कुठेतरी शॉर्ट आहे आणि इथे नवशिके हमखास फसतात. त्या पॉइंटच्या खुंटीवर प्लास्टिकचा बुश असतो, कंडेन्सरची तार, कॉइलकडची तार आणि पॉइंटची पट्टी तिन्ही एकमेकींना चिकटून हव्यात पण खुंटीला धातू लागता कामा नये. वरखाली झालं की सगळा करंट जमिनीत, ठिणगी शून्य, आणि दिसायला सगळं कसं नवंकोरं. पॉइंटची गॅपही बघून घे, ०.३५ ते ०.४० मिमी.

दिवा लुकलुकला तर पुढची पायरी. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड तार काढ आणि रबरी मुठीच्या पकडीने धरून तिचं टोक एंजिनपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेव, हाताने धरू नकोस, दणका असा बसतो की आजी आठवते. आणि आधी वास घे, कुठे पेट्रोल सांडलेलं असेल तर हे करायचंच नाही, कार्बोरेटरपासून लांब कर. सेल्फ मारल्यावर निळी कडक ठिणगी उडाली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर तिघेही निर्दोष.

तिथे ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर रोटर बघ, म्हणजे कॅपखाली फिरून एकेका प्लगला ठिणगी वाटणारा तुकडा. खरं सांगू का, माझा संशय पहिल्यापासून त्याच्यावरच आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच नव्या रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि त्या रिव्हेटखाली प्लास्टिक पातळ, हजारो व्होल्ट आले की ठिणगी प्लगकडे जायचं सोडून प्लास्टिक फोडून सरळ खालच्या दांड्यात उतरते. बाहेरून काहीही दिसत नाही. टेस्ट सोपी आहे: कॅप काढ, रोटर जागेवरच राहू दे, तीच जाड तार रोटरच्या मधल्या पितळेपासून तीनेक मिलिमीटरवर धर आणि चावी ऑन ठेवून पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने उघडबंद कर. ठिणगी रोटरवर उडाली तर रोटर फुटलेला. चांगल्या रोटरवर उडायला नको, कारण तिथून तिला जायला वाटच नसते.

याच्या जोडीला तारांचा क्रम बघ, प्लग बदलताना चारही एकदम काढल्यास का? फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो, हे विसरलं की सगळं बरोबर असून सगळं चुकीचं. आणि नवी कॉइल कुठली आणलीस ते तपास, तुझ्या १९७२ च्या गाडीला बॅलास्ट (कॉइलचा व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर) नाही, त्यामुळे साधी १२ व्होल्टची साधारण ३ ओहमवाली लागते. दीड ओहमची बॅलास्टवाली असली तर गाडी चालू होईल पण पॉइंट जळतील.

विकायचं मात्र आत्ताच ठरवू नकोस. तुझी गाडी ज्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली तो तुझ्या घरापासून तासाभराच्या आत होता. १९८० मध्ये बंद पडला, पण १९६२ पासून तोपर्यंत एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या, म्हणून आजही तिथे पार्ट आणि शहाणी माणसं दोन्ही मिळतात. त्यातल्या एखाद्याला चहा पाज.

पुन्हा पत्र: काका, तुमचं खरं निघालं! प्लग चारही ओले. दिवा लुकलुकला, जाड तारेला कडक ठिणगी. आणि रोटरची टेस्ट केली तर टचकन ठिणगी रोटरवर. जुने पार्ट मी रिसायकलिंगमध्ये टाकले होते पण बायकोने काढून श्रीखंडाच्या डब्यात ठेवले होते, का ते विचारू नका. जुना रोटर पुसून बसवला आणि दुसऱ्या सेल्फला गाडी चालू! फक्त आता आयडलिंगला खोकते आणि धूर काळा आहे. टाकीत डिसेंबरचंच पेट्रोल आहे, ई१०.

उत्तर: बायकोला माझा नमस्कार सांग, आणि विकायचा विषय आता तिनेच काढू दे. प्लग ओलेचिंब झालेत तर काढून वाळवून घे. चोक गरम झाल्यावर पूर्ण आत जातोय का बघ, काळा धूर बहुतेक त्याचाच. दोन्ही कार्बोरेटरच्या डोक्यावरचे काळे बुच उघडून आतलं तेल बघ, मोटार ऑइल चालतं, २० ग्रेडचं. पेट्रोल चार महिन्यांचं आहे, शक्य असेल तर काढून टाक. तिकडे २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं (तेच ई१०) आणि ते पाणी धरतं शिवाय जुने रबरी होस खातं, त्यामुळे महाग वाटलं तरी कमी इथेनॉलवालं सुपर ई५ भर आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे होस दाबून बघ, मऊ चिकट लागले की बदल. हे होस मात्र नवीनच घाल, जुने श्रीखंडाच्या डब्यातले नको.

प्रश्न: काका, माझी अँबेसिडर सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते पण उन्हात बाजारात थांबवून परत आलो की अर्धा तास रुसते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: गरम एंजिनला चोक ओढता का? ओढत असाल तर तेच कारण, आधीच पेट्रोलची वाफ भरलेली असते आणि तुम्ही आणखी ओतता. चोक बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, मग सेल्फ मारा, पंप करू नका. नाहीच झाली तर बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा आणि गाडीच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाका. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर ती हलवून घ्या.