ऑडिओबुक तपासताना वाचणाऱ्याचा कोणता उच्चार दुरुस्त करायला सांगावा आणि कोणता सोडून द्यावा?

तुम्ही लिहिलंय की तपासायला पहिलंच प्रकरण आलंय, वाचणाऱ्या काकू उरणच्या आहेत, 'डोळे'चं 'डोले' होतंय आणि त्यांना किती अडवायचं ते कळत नाही. बोलीचा हेल दुरुस्त करू नका. अर्थ बदलला किंवा ऐकणारा अडखळणार असेल, तरच परत पाठवा. 'डोले पुसले' कुणालाही कळतं. बागेच्या वर्णनात 'वेळ'चा 'वेल' झाला तर मात्र पाठवा. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचून मोफत देतात त्या, २००५ पासून चालू असलेल्या लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावरही नेहमीच्या तपासणीत वाचणाऱ्याची लकब काढत नाहीत. दोनदा वाचलेली ओळ, राहिलेलं वाक्य, लांबलेली शांतता, खरखर, आवाजाची पातळी, एवढंच बघतात.

मराठीत खरी गोची छापील पानावरच असते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे मोफत ध्वनिमुद्रणाला मिळणारी पुस्तकं बहुतेक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची, न उच्चारायच्या अनुस्वारांनी भरलेली: नाहीं, केलें, त्यांनीं. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं इमानदारीने प्रत्येक टिंब नाकातून काढतात. 'त्यांनीं'मधलं पहिलं टिंब वाचायचं, दुसरं सोडायचं. 'घरांत' आलं की ते एका घराबद्दल आहे की अनेक, हे मागचंपुढचं वाक्यच सांगतं. म्हणून मी रेकॉर्डिंगच्या आधीच पानावर खुणा करून पाठवते. नंतरच्या निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

च-ज-झ चं म्हणाल, तर 'चार' आणि 'गुरांचा चारा', 'माझी' आणि 'माझा' यांतला फरक मुंबईत हिंदीच्या शेजाराने पुसट होत चाललाय. 'ज्ञान'चं 'ग्यान' होतं तेही त्यातलंच. हे सुरुवातीला एकदा प्रेमाने सांगा, प्रत्येक जागेची मिनिटं-सेकंद टाकून यादी करू नका. तसं केलं की माणूस पुढचं प्रकरण घेत नाही. (आमच्यातल्या काही तपासणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांची प्रकरणं महिनोन्‌महिने लटकलेली असतात.)

पण पुस्तकात 'शीव', 'परळ', 'वांद्रे' असताना सवयीने 'सायन', 'परेल', 'बांद्रा' वाचलं असेल, तर तो उच्चाराचा प्रश्नच नाही, दुसराच शब्द वाचलाय. हे बदलून घ्याच. विशेषनामांची यादी पहिल्या प्रकरणापासून ठेवा, नाहीतर तीन जणांनी वाचलेल्या पुस्तकात एकाच माणसाची तीन नावं होतात.

शेरा असा, रेकॉर्डिंगमधली मिनिटं-सेकंद टाकून लिहा: '१२:४० – "वेल" ऐकू येतं, पुस्तकात "वेळ", पान ३४.' 'उच्चार चुकीचा' असं लिहू नका, त्यावरून काय बदलायचं ते कळत नाही. एकटा शब्द डकवू नये, पूर्ण वाक्य पुन्हा वाचायला सांगा, तेही माइकपासून तेवढ्याच अंतरावर आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. रात्री शांततेत वाचलेलं एक वाक्य दुपारच्या हॉर्नमध्ये जोडलं की लगेच कळतं.

आणि लोकलमध्ये तपासायला बसू नका. पंख्याची घरघर, कुकरची लांबची शिट्टी, गिळलेलं शेवटचं अक्षर, यातलं काहीच गाडीत ऐकू येत नाही. बरेच अंध श्रोते वेग वाढवून ऐकतात. त्यांचं त्या गिळलेल्या अक्षरापाशीच अडतं.