नेपाळमध्ये मुलींचं घर काढण्याआधी

ताई, पशुपतीनाथाच्या यात्रेत काठमांडूच्या एका अनाथालयातल्या मुली पाहून तुमचा जीव कळवळला आणि आता नाशिकची बारा-पंधरा माणसं मिळून तिथे मुलींसाठी घर काढायचं म्हणताय. २०१५ च्या भूकंपानंतर आम्ही गंगापूर रोडवरची काही मंडळी अशीच धावत गेलो होतो. म्हणून कळकळीने सांगतो, नवं घर काढू नका. तिथलीच, नोंदणी असलेली एखादी चांगली संस्था शोधा आणि तिच्या पाठीशी उभे राहा.

तिथल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलींना आई किंवा वडील असतात. शिकवतो असं सांगून दलाल डोंगरातल्या गावांतून मुली आणतात आणि आईबाप वारल्याचे कागद तयार करतात. आम्हीही फसलो. आम्ही काढलेल्या घरात चौदा मुली 'अनाथ' म्हणून आल्या होत्या. पहिल्या दसैंला (आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांतला त्यांचा सर्वांत मोठा सण, घरातले वडीलधारे टिळा लावतात) मुलींना सांभाळणाऱ्या मावशींनी एकेकीला जवळ घेऊन विचारलं, "तुला टिळा कोण लावायचं गं?" नऊ जणींनी नावं सांगितली, गावासकट! मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यातल्या सहा जणी पुढच्या दोन वर्षांत आपापल्या घरी गेल्या. त्यांची फी आणि वह्या-पुस्तकं आम्ही गावी पोचवतो. मुलीला आमच्याकडे ठेवायला लागायचा त्याच्या निम्मासुद्धा खर्च येत नाही.

ज्या खरंच एकट्या आहेत, त्यांच्या कागदांकडे पहिल्या दिवसापासून बघा. वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयातली जन्मदर्ता, म्हणजे जन्माची नोंद, मग सोळाव्या वर्षी जिल्हा प्रशासन कार्यालयातून नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला. आईवडिलांचा ठावठिकाणा नसलेल्या, नेपाळमध्ये सापडलेल्या मुलीला तिथलं संविधान नागरिक मानतं, पण खिडकीवरचा माणूस वडिलांचे कागद मागतो. आमच्या एका हुशार मुलीचं दहावीनंतरचं दीड वर्ष यात गेलं, नर्सिंगचा प्रवेश हुकला. ती चूक आमची होती, आम्ही उशिरा जागे झालो.

पैशांचं थोडक्यात सांगतो. तुम्ही एफसीआरएचं विचारलंत, तो परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांचा कायदा. तुमचा पैसा बाहेर जाणार आहे. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास मंजुरीशिवाय आयकराची सूट मिळत नाही, तेव्हा ट्रस्ट नोंदवण्याआधीच सीएंकडे जा. तिकडे परदेशी संस्थेला समाज कल्याण परिषद या नेपाळच्या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि काम स्थानिक संस्थेमार्फतच करावं लागतं. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळे वर्षाचा हिशेब आधी मांडता येतो. त्यात सगळ्यात वर मावशींचा पगार लिहा. दर सहा महिन्यांनी मावशी बदलली की लहान मुली बोलायच्या बंद होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इथून कुणी वाढदिवसाचा केक घेऊन दोन दिवस जातो म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा.

संस्था निवडायला पुन्हा जाल तेव्हा दसैं संपल्यावरच्या आठवड्यात जा. मुली कुणाकडे जाऊन आल्या, तिथे कोणकोण भेटलं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. एकही मुलगी कुठेच गेली नसेल, तर तिथे पैसे देऊ नका.