वाचक विचारतात : बाण सगळे डावीकडेच का जातात?

2023 ला गोव्यात नॅशनल गेम्स झाले तेव्हापासून या पानावर तिरंदाजीची पत्रं वाढलीत. यावेळी तीन घेतलीत, तिन्हींचा विषय फिरून एकच, धनुष्याला बाण जुळतो की नाही.

प्रश्न : मी नवीन लाँगबो घेतला, त्यावर 40 पाउंड लिहिलंय. बाण कार्बनचे, 500 स्पाइन (बाण किती वाकतो त्याचा आकडा, कार्बनमध्ये मोठा तितका मऊ), 30 इंच लांब, पुढे 100 ग्रेनचं टोक (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप). उजव्या हाताने मारतो. 15 मीटरवरून सगळे बाण फूटभर डावीकडे बसतात, पण ग्रुप चांगला येतो, म्हणजे एकमेकांजवळच बसतात. दुकानदार म्हणतो बाण लांब आहेत, 2 इंच कापून घ्या म्हणजे सरळ जातील. कापू का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नका कापू! आधी करवत बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा.

बाण कापला की तो जास्त कडक होतो, आणि तुमची सगळी लक्षणं बाण आधीच कडक असल्याची आहेत. म्हणजे दुकानदाराचं ऐकून कापले असते तर फूटभराचं दीड फूट झालं असतं आणि कापलेला तुकडा काय परत चिकटवता येत नाही.

कडक बाण डावीकडे का जातो ते बघा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, आणि दोरी सुटल्यावर ती धनुष्याच्या मधोमध यायला बघते. मध्ये लाकूड आडवं आहे, मग बाणाने जायचं कुठून? तो वाकतो, लाकडाला वळसा घालतो, परत उलटा वाकतो आणि असं पाण्यातल्या विरोळ्यासारखं करत करत पुढे जाऊन सरळ होतो. अमेरिकेत 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन नावाच्या फिजिसिस्टने हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे शूट करून दाखवलं, त्याआधी नुसत्या चर्चाच चालायच्या. तर बाण पुरेसा वाकलाच नाही तर लाकूड त्याला डावीकडे ढकलतं, आणि गरजेपेक्षा जास्त वाकला तर तो उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचायचं.

आता तुमचा 40 चा आकडा. तो 28 इंच खेचल्यावर हातावर येणाऱ्या जोराचा असतो. तुम्ही किती खेचता ते लिहिलेलंच नाही, आणि पत्र पाठवणाऱ्यांपैकी जवळपास कोणीच लिहीत नाही. एखाद्या मित्राला बाजूला उभं करा, पूर्ण खेचा, धनुष्याच्या पुढच्या कडेला बाण जिथे येतो तिथे त्याला पेन्सिलने खूण करू दे, मग नॉकच्या खाचेपासून (बाणाचं मागचं टोक, जे दोरीत अडकतं) खुणेपर्यंत टेप लावा. समजा 26 भरले. या वजनाच्या धनुष्यात दर इंचाला साधारण अडीच पाउंड धरा, म्हणजे तुमच्या हातात 40 नाही, 35 च आहेत. खात्री करायची तर विमानाच्या बॅगा मोजायचा तो हुकवाला डिजिटल काटा दोरीला अडकवून तेवढंच खेचून बघा, गोव्यात तसाही प्रत्येकाच्या घरी तो असतोच, गल्फवाला कोणी ना कोणी निघतोच. धनुष्यावर छापलेला आकडा विसरून जा, बाण जुळवायचा तो काट्यावर दिसलेल्या आकड्याशी.

35 पाउंडचा लाँगबो, त्यातही शेल्फ (बाण टेकायची धनुष्यातली खाच) मधोमध कापलेला नसेल तर वळसा मोठा, बाण अजून मऊ लागतो. माझ्या मते तुम्हाला 600 ते 700 च्या मध्ये काहीतरी लागेल, 700 कडे झुकणारं. 500 चा बाण पूर्ण 28 खेचून 45-50 पाउंड घेणाऱ्या माणसाचा.

पण लगेच नवीन डझन मागवू नका. आधी आहेत त्याच बाणांतल्या दोघांना 175 किंवा 200 ग्रेनची टोकं लावून बघा, टोक जड झालं की बाण जास्त वाकतो म्हणजे मऊ वागतो. फूटभरातले निम्मे तरी भरून निघतील. पूर्ण नाही निघाले तर मग एक 600 आणि एक 700 असे सुटे शाफ्ट (बाणाची नुसती दांडी) मागवा, अख्खी लांबी ठेवून. नेहमी मऊ आणि लांब बाजूने सुरुवात करायची आणि पाव-पाव इंच कापत कडक करत आणायचं, उलट दिशेने रस्ताच नाही.

आणि निकाल द्यायचा तो बेअर शाफ्टने. म्हणजे पिसं नसलेला बाण. बाकी सगळं तेच, तेवढंच टोक, तेवढीच लांबी. पिसंवाले तीन मारा, मग बिनपिसांचा एक, पहिल्यांदा 10 मीटरवरून आणि मागे भरपूर मोकळी जागा ठेवून. पिसं चुका झाकतात, बेअर शाफ्ट झाकत नाही. तो पिसंवाल्यांच्या डावीकडे पडला तर कडक, उजवीकडे पडला तर मऊ. आणि दोन्ही एकत्र, एकाच ठिकाणी डावीकडे पडले तर स्पाइन ठीक आहे, भानगड डोळ्यात आहे, म्हणजे उजव्या हाताने मारताय पण मास्टर डोळा, म्हणजे नेम धरणारा जोरकस डोळा, डावा आहे. हे बरेच जण तपासतच नाहीत आणि बाणांवर पैसे घालत बसतात. वर-खाली पडत असेल तर आधी दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची खूण) सरकवा, ते जागेवर आल्याशिवाय डावं-उजवं वाचायचंच नाही. टार्गेटमध्ये बाण तिरका घुसलेला दिसतो त्याच्यावर पण जाऊ नका, फोम बाणाला कसाही वळवतो, टोक कुठे लागलं तेवढंच बघा.

एक गंमत सांगून ठेवतो. खूपच कडक बाण कधी कधी उजवीकडे पडतो आणि मऊ असल्यासारखं नाटक करतो, कारण त्याची शेपटी जाता जाता धनुष्यावर आपटते. मारताना खट्ट असा आवाज येत असेल तर शंका घ्या. शेल्फच्या बाजूच्या भिंतीला घरातली एखादी जुनी लिपस्टिक लावा (विचारून!) आणि एक बाण मारा. शाफ्टवर मागच्या भागात लाल पट्टा आला तर तो आपटतोय.

प्रश्न : मुलगा इंडियन राउंडची प्रॅक्टिस करतो, बांबूचं धनुष्य, बांबूचेच बाण. एकाच जुडीतले बाण, एक इकडे जातो एक तिकडे. पावसात तर काही विचारूच नका. सर म्हणतात हात स्थिर नाही. (एक पालक, वाळपई)

उत्तर : सरांचं चूक असेलच असं नाही, पण हाताला दोष द्यायच्या आधी बाण मोजा. बांबू म्हणजे कारखान्यात निघालेला पाइप नव्हे, प्रत्येक कांडीची जाडी वेगळी, पेरं वेगळी, त्यामुळे दिसायला जुळे असलेले बाण वाकायला अगदी वेगळे निघतात.

मोजायचं यंत्र घरी बनतं. फळीवर दोन खिळे मारा, मध्ये बरोबर 26 इंच म्हणजे 66 सेंटिमीटर. बाण त्यावर आडवा ठेवा, मधोमध दोरीने 907 ग्रॅम लटकवा, हे 2 पाउंड झाले. पाण्याची बाटली किचनच्या काट्यावर ठेवून दोरीसकट 907 होईपर्यंत पाणी ओता, झालं वजन तयार. आता बाण मध्ये किती मिलिमीटर खाली आला ते मागे पट्टी धरून बघा आणि 660 ला त्या आकड्याने भागा. 22 मिलिमीटर खाली आला तर 30 पाउंड, 13 आला तर जवळपास 51. लाकूड-बांबूच्या बाणाची स्पाइन अशीच पाउंडात सांगतात. बाण थोडा थोडा फिरवून परत मोजा, एका बाजूने तो जास्त कडक लागेल. ती बाजू धनुष्याकडे येईल अशी नॉक कापायची, आणि सगळ्या बाणांना तशीच. अर्धी गडबड इथेच मिटते.

प्रत्येक बाणावर बारीक पेनाने आकडा लिहा. ज्यांच्यात 3 पाउंडांपेक्षा जास्त फरक नाही असे सहा बाण एका गटात, उरलेले दुसऱ्या. वजन पण बघा, जड-हलका बाण वर-खाली जातो. बांबूच्या धनुष्याला शेल्फ नसतो, बाणाला अख्ख्या मुठीला वळसा घालायचा असतो, त्यामुळे मुलगा हातात 30 पाउंड घेत असेल तर 25 ते 30 मधला बाण शोधा, त्याहून कडक नको.

पावसाचं म्हणाल तर बांबू ओल पितो, मऊ आणि जड होतो, आणि सत्तरीतला पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात मोजलेले आकडे ऑगस्टमध्ये धरून चालू नका, चवथीच्या आसपास परत मोजा. वॉर्निशचा हात द्या, नॉकच्या खाचेत आणि टोकाच्या खाली पण, कारण ओल कापलेल्या तोंडातूनच शिरते. चुलीच्या वर टांगून ठेवायची आयडिया चांगली वाटते पण एका बाजूने तापून बाण वाकडे होतात. वाकलेला बाण निखाऱ्यावर लांबून गरम करून हाताने सरळ करता येतो, थंड होईपर्यंत धरून ठेवायचा, मग परत खिळ्यांवर मोजायचा.

प्रश्न : कार्बनवर 600 आणि लाकडी बाणावर 50-55 लिहिलेलं असतं. कोणता कडक? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जवळपास सारखेच. कार्बन मोजतात 28 इंचांवर, 880 ग्रॅम लटकवून, आणि इंचाच्या हजाराव्या भागात किती वाकला तेच लिहितात, म्हणजे 600 म्हणजे 0.6 इंच. म्हणून तिथे आकडा मोठा तितका बाण मऊ, आणि लाकडात आकडा मोठा तितका कडक. बदलून घ्यायचं असेल तर 0.6 ला 0.825 ने गुणा आणि 26 ला त्याने भागा, साधारण 52 येतात. मात्र लाकडी बाणाच्या जागी कार्बन लावायच्या आधी वजन बघा, 40 पाउंडच्या लाकडी धनुष्यावर 360 ग्रेनपेक्षा म्हणजे 23 ग्रॅमपेक्षा हलका बाण लावू नका, स्पाइन कितीही जुळली तरी. हलक्या कार्बनने धनुष्याला जवळजवळ बाण न लावता दोरी सोडल्यासारखा झटका बसतो.